एलिझाबेथ मॅगी

एलिझाबेथ मॅगी (जन्म : ९ मे १८६६, मकोंब, इलिनॉय, मृत्यू : २ मार्च १९४८) ह्या अमेरिकन लेखिका, लघुलेखिका आणि खेळांच्या रचनाकार होत्या. लिझी मॅगी या नावानेही त्या ओळखल्या जातात. त्यांनी तयार केलेल्या 'द लँडलॉर्ड्स गेम' म्हणजेच 'जमीनदाराचा खेळ' या पटावरील खेळातून पुढे 'मोनोपॉली' हा जगप्रसिद्ध खेळ निर्माण झाला. भारतात 'व्यापार' या नावाने घरोघरी खेळला जाणारा पटही याच कुळातील आहे. मॅगी यांचा खेळ दोन प्रकारच्या नियमांनी खेळता येत असे. 'मोनोपॉली'मध्ये त्यांपैकी एकच प्रकार उरला. त्यामुळे खेळाचा मूळ हेतू आणि निर्मातीचे नाव या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ विस्मृतीत गेल्या.

प्रारंभिक जीवन

मॅगी यांचे वडील जेम्स मॅगी हे वृत्तपत्राचे प्रकाशक व गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८५८ साली अब्राहम लिंकन यांनी स्टीफन डग्लस यांच्याशी जाहीर वादविवाद केले, त्या काळात ते लिंकन यांच्यासोबत इलिनॉयमध्ये फिरले होते. त्यांनीच मुलीच्या हाती अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' (१८७९) हा ग्रंथ दिला. जमीन कोणीही निर्माण केलेली नाही आणि तिची किंमत सर्व समाजाच्या श्रमाने वाढते. म्हणून जमिनीच्या मूल्यावर कर घ्यावा व श्रमावरील कर रद्द करावेत, असे जॉर्ज यांचे प्रतिपादन होते. हा 'एककर' सिद्धान्त मॅगी यांनी आयुष्यभर जपला.

तरुणपणी मॅगी वॉशिंग्टन येथे टपाल खात्याच्या बेवारस पत्रांच्या विभागात लघुलेखिका म्हणून काम करीत. त्यांनी कविता व कथा लिहिल्या, रंगभूमीवर विनोदी भूमिकाही केल्या. टंकलेखन यंत्रातून कागद सहज सरकावा यासाठी त्यांनी एक साधन तयार केले आणि १८९३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले.

मूळ आवृत्ती

करविषयक सिद्धान्त व्याख्यानांतून समजावणे अवघड जाते, तो खेळातून अनुभवास यावा, या हेतूने मॅगी यांनी 'जमीनदाराचा खेळ' रचला. त्यांनी मार्च १९०३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व ५ जानेवारी १९०४ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्या काळच्या बहुतेक पटांवर सोंगट्या ठरावीक वाटेने शेवटच्या घरापर्यंत नेत असत. मॅगी यांच्या चौकोनी पटावर मात्र खेळाडू कडेच्या घरांतून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारीत. विकत घेण्याच्या व भाड्याच्या जागा, चार बाजूंना चार रेल्वे, तुरुंग आणि सार्वजनिक उद्यान हे सर्व त्यावर होते. आरंभीच्या कोपऱ्याला धरणीमातेचे नाव होते आणि तेथून जाणाऱ्यास श्रमाचे वेतन म्हणून १०० डॉलर मिळत. एका घरावर परदेशी उमरावाची खासगी जमीन होती. तेथे पाऊल पडताच खेळाडूची रवानगी तुरुंगात होई.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इकॉनॉमिक गेम कंपनी'ने हा खेळ छापून प्रसिद्ध केला. नेहमीच्या नियमांनी खेळल्यास जमिनी घेणारा खेळाडू श्रीमंत होत जाई व इतर कंगाल होत. एककराच्या नियमांनी खेळल्यास जमिनीचे भाडे सार्वजनिक तिजोरीत जमा होई. तिजोरी भरत गेली की दिवाबत्ती व वाहतूक यांसारख्या सेवा सर्वांना मोफत होत. एकाच पटावर दोन्ही डाव खेळून खेळाडूंनी दोन अर्थव्यवस्थांची तुलना स्वतःच करावी, अशी ही योजना होती.

हस्तलिखित पट व सुधारित आवृत्ती

छापील प्रतींपेक्षा हाताने काढलेल्या पटांमुळेच खेळाचा अधिक प्रसार झाला. डेलावेअरमधील आर्डेन या एककरवाद्यांच्या वसाहतीत तो आवडीने खेळला जाई. अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट निअरिंग यांच्यामुळे तो विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. प्रत्येक ठिकाणी खेळाडू पटावर आपल्या गावच्या रस्त्यांची नावे घालीत आणि नियमांत भर टाकीत. या प्रवासात खेळाला 'मोनोपॉली' हे नाव पडले, आणि एककराचे नियम मात्र मागे पडत गेले.

मॅगी यांनी १९१० मध्ये अल्बर्ट फिलिप्स यांच्याशी विवाह केला. पहिल्या पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपली. त्यानंतर त्यांनी खेळ सुधारला व २३ सप्टेंबर १९२४ रोजी दुसरे पेटंट मिळवले. या आवृत्तीच्या पटावर रस्त्यांना नावे होती व त्यांत शिकागोतील ठिकाणेही होती. १९३२ च्या आवृत्तीत एककराच्या डावाला 'समृद्धी' अशा अर्थाचे नाव होते. सर्वांत कमी पैसे असलेल्या खेळाडूची मूळ रक्कम दुप्पट झाली की हा डाव सर्वांनी जिंकला असे मानले जाई.

'मोनोपॉली' आणि श्रेयाचा प्रश्न

अटलांटिक सिटीतील क्वेकर पंथीयांनी आपल्या शहराच्या रस्त्यांची नावे घातलेला पट चार्ल्स डॅरो यांच्यापर्यंत पोचला. डॅरो यांनी तो आपल्या नावाने विकण्यास आरंभ केला व १९३५ मध्ये 'पार्कर ब्रदर्स' कंपनीला दिला. त्यांना शिकवणाऱ्यांच्या पटावर 'मार्व्हेन गार्डन्स' हे नाव चुकून 'मार्व्हिन' असे पडले होते. तीच चूक डॅरो यांच्या पटावर व पुढे लाखो छापील प्रतींवर उतरली.

नोव्हेंबर १९३५ मध्ये कंपनीने मॅगी यांचे १९२४ चे पेटंट ५०० डॉलरना घेतले. विक्रीतील वाटा त्यांना मिळाला नाही. छापील 'मोनोपॉली'त धरणीमातेच्या जागी केवळ आरंभाचे घर आले, फेरीची रक्कम २०० डॉलर झाली, एककराचे नियम गळाले आणि इतर सर्वांचे दिवाळे काढणे हेच विजयाचे लक्षण ठरले. मक्तेदारीचे दोष दाखवण्यासाठी रचलेला खेळ अशा रीतीने मक्तेदाराचा विजय साजरा करू लागला. श्रेय डॅरो यांना दिले जात असल्याचे पाहून मॅगी यांनी जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांतून आपले जुने पट दाखवले. कंपनीने १९३९ मध्ये 'जमीनदाराचा खेळ' पुन्हा छापला, परंतु त्याचा प्रसार झाला नाही.

मृत्यू व पुनर्शोध

१९४० च्या जनगणनेत मॅगी यांनी आपला व्यवसाय खेळ तयार करणे असा नोंदवला होता. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य होते. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा 'मोनोपॉली'च्या खोक्यावर त्यांचे नाव नव्हते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अँस्पाक यांनी १९७० च्या दशकात 'अँटी-मोनोपॉली' हा खेळ काढला. त्यावरून झालेल्या खटल्यात जुनी पेटंटे, हस्तलिखित पट व वृद्ध खेळाडूंच्या साक्षी पुढे आल्या आणि मॅगी यांचे कर्तृत्व प्रकाशात आले. हा वाद १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अँस्पाक यांच्या बाजूने संपला.