गुलामांची मुक्तिदात्री : हॅरिएट टबमन

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांनी तेथील काळ्या लोकांना दास्यातून सोडविण्यासाठी झीज सोसली होती. पण सोडविणारे सारेच गोरे आणि शिकलेले नव्हते. हॅरिएट टबमन ही तर गुलामाच्याच पोटी जन्मलेली होती, आणि तिला अक्षरओळखही नव्हती.

तिचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरीलँड राज्यात झाला. नक्की तारीख नाही. गुलामाच्या पोरीची जन्मतिथी लिहून ठेवतो कोण? (आपल्याकडेही कितीकांच्या जन्मतारखा मास्तरांच्या अंदाजानेच दाखल झाल्या आहेत.) लहानपणीच तिला दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला भाड्याने दिले. रात्री मूल रडले की हिच्या मानेवर चाबूक बसे. ते वण जन्मभर राहिले. पुढे एका पळणाऱ्या गुलामावर फेकलेले दोन पौंडांचे वजन हिच्या डोक्यात बसले, आणि तेव्हापासून बोलता बोलता तिला एकाएकी गुंगी येऊ लागली.

१८४९ साली मालक वारला. आता गुलाम विकले जाणार हे ओळखून हॅरिएट पळाली. रात्री ध्रुवतारा पाहून चालत ती पेनसिल्व्हेनियात पोचली. तेथे गुलामगिरी नव्हती. फिलाडेल्फियात काम मिळाले, मजुरी स्वतःच्या हातात पडू लागली. ती सुखाने राहू शकली असती. पण आईबाप, भावंडे मागेच होती. मजुरीतले पैसे साठवून ती त्याच मेरीलँडमध्ये परत गेली. अकरा वर्षांत सुमारे १३ वेळा गेली आणि ७० च्या आसपास माणसे सोडवून आणली. १८५० च्या कायद्याने उत्तरेतही पळालेल्यांना धोका वाढला, तेव्हा ती त्यांना थेट कॅनडापर्यंत नेऊ लागली. तिच्यासोबत निघालेला एकही माणूस पकडला गेला नाही.

१८५४ च्या नाताळची हकीकत मी वर्गात सांगतो तेव्हा मुले गप्प होतात. नाताळ होताच तिच्या तीन भावांची विक्री व्हायची होती. हॅरिएट त्यांना घेऊन आईबापांच्या झोपडीजवळच्या मक्याच्या खोपीत लपली. आईने मुलांसाठी जेवण रांधले होते. ती पुन्हा पुन्हा दाराशी येऊन वाट पाही, आणि मुले फटीतून तिला बघत. तिला कळविणे शक्य नव्हते. ती मोठ्याने रडली असती. बापाला मात्र ठाऊक होते. त्याने डोळ्यांवर फडके बांधून मुलांना जेवण नेऊन दिले, तसाच त्यांचा हात धरून थोडा दूर चालला आणि परतला. पुढे विचारणा झाली तेव्हा मुले दृष्टीस पडली नाहीत, हे त्याला खोटे न बोलता सांगता आले.

१८५७ साली तिने या म्हाताऱ्या आईबापांनाही बाहेर काढले. बहीण रेचेल मात्र राहिली. मुले दुसरीकडे ठेवलेली, ती त्यांना टाकून निघेना. १८६० साली हॅरिएट गेली तेव्हा रेचेल मरून गेली होती, आणि तिच्या दोन लेकरांना आणायला ३० डॉलर कमी पडले. हॅरिएट त्या खेपेला दुसऱ्याच एका कुटुंबाला घेऊन आली.

यादवी युद्धात तिने जखमींची शुश्रूषा केली, हेरगिरी केली. जून १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात सैन्याला वाट दाखवून ७०० हून अधिक गुलाम एका रात्रीत सोडविले. सरकारने तिला महिना २० डॉलर पेन्शन दिले ते १८९९ साली!

ऑबर्न गावी तिने निराधार काळ्या वृद्धांसाठी घर उभारण्याचा ध्यास घेतला. स्वतःची जमीन त्यासाठी दिली. ते घर १९०८ साली उघडले. तीन वर्षांनी तीही थकून तेथेच राहायला गेली, आणि १० मार्च १९१३ रोजी तेथेच वारली.