फाळक्यांच्या आधीचा हरिश्चंद्र

भारतीय चित्रपटाचा इतिहास बहुधा १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगितला जातो. दादासाहेब फाळके यांचा कथापटाचा मान मोठाच आहे. मात्र त्यापूर्वी १४ वर्षे मुंबईतील एका मराठी छायाचित्रकाराने हलती चित्रे टिपली होती आणि योगायोग असा, की त्याचेही नाव हरिश्चंद्रच होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा.

१८६८ मध्ये जन्मलेल्या भाटवडेकरांचा व्यवसाय छायाचित्रणाचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्या खेळाने भारावून त्यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. चित्रपट काढणारी संस्था तेव्हा देशात नव्हती. त्यामुळे विषय निवडणारे तेच, कॅमेरा चालवणारेही तेच. १८९९ च्या नोव्हेंबरात हँगिंग गार्डन येथे पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. फीत धुण्याची सोय येथे नसल्याने ती आगबोटीने लंडनला पाठवावी लागली. आपण नेमके काय टिपले, हे पाहण्यासाठी कित्येक आठवडे वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते! पुढचा विषय होता माकडांना खेळ शिकवणाऱ्या मदाऱ्याचा.

त्यांची खरी दृष्टी दिसते ती १९०१ च्या डिसेंबरात. केंब्रिजमध्ये गणितात सीनियर रँग्लर ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा चौपाटीवर झालेले त्यांचे स्वागत भाटवडेकरांनी टिपले. भारतातील पहिला वार्तापट म्हणून त्याचा उल्लेख होतो. या पहिल्या वार्तापटाचा नायक राजा वा लाटसाहेब नसून गणिताचा एक विद्यार्थी होता, हे विसरता येत नाही. १९०३ च्या दिल्ली दरबारावरील चित्रणही त्यांच्या नावावर नोंदले जाते.

पुढे त्यांनी कॅमेरा विकला. तो घेणाऱ्यांपैकी श्रीनाथ पाटणकर मूकपटांचे दिग्दर्शक झाले. भाटवडेकर मात्र चित्रणातून बाजूला होऊन मुंबईतील गेइटी थिएटरच्या व्यवस्थापनात रमले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी-हिंदी बोलपटांनाही पाव शतक उलटून गेले होते. हँगिंग गार्डनवरील त्या कुस्तीची फीत मात्र आज उपलब्ध नाही.