साध्वी मोनिका

जुन्या गोव्याच्या यात्रेस गेलेल्या आमच्या मंडळींनी तेथील पवित्र टेकडीवरचा भग्न मनोरा पाहिला असेल. तो संत ऑगस्टिन यांच्या नावाने बांधलेल्या मंदिराचा अवशेष होय. त्याच्याजवळच संन्यासिनींचा एक विशाल मठ आहे. ऑगस्टिनी संघाचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये त्याचे काम सुरू केले व १६२७ मध्ये ते पूर्ण झाले. या मठास संत मोनिका हिचे नाव आहे. मनोरा मुलाच्या नावाचा आणि मठ त्याच्या आईच्या नावाचा, हे कळले तेव्हा या मातेचे चरित्र जाणून घ्यावे असे आम्हांस वाटले. ते वाचल्यावर, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात बरेच काही आपले वाटेल, अशी आमची खात्री झाली.

मोनिकेचा जन्म इसवी सन ३३२ च्या सुमारास रोमन अंमलाखालील उत्तर आफ्रिकेत, थागास्ते या लहानशा गावी झाला. हे गाव आज अल्जीरियात असून सूक अहरास या नावाने ओळखले जाते. माहेर ख्रिस्ती होते. पती पात्रिसियुस मात्र जुन्या दैवतांना मानणारा होता. तो मनाचा उदार, पण स्वभावाने अत्यंत तापट होता. सासूचे मनही प्रारंभी दासींच्या चहाड्यांमुळे कलुषित झालेले होते. मोनिकेने वाद घातला नाही. पतीचा राग ओसरेपर्यंत ती थांबे आणि मग आपले म्हणणे शांतपणे मांडे. कालांतराने सासू तिच्या बाजूची झाली आणि मृत्यूपूर्वी पतीनेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

तिचा खरा घोर होता तो मुलाविषयी. ३५४ मध्ये जन्मलेला ऑगस्टिन बुद्धीने तल्लख होता. उच्च शिक्षणासाठी तो कार्थेज नगरीस गेला, तेथे त्याने विवाहावाचून एका स्त्रीशी संसार थाटला, त्यांना आदेओदातुस हा मुलगा झाला. पुढे तो मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात शिरला. आईने प्रथम त्याला आपल्या घरी पंक्तीलाही घेतले नाही. परंतु एका स्वप्नात तिने पाहिले की, आपण ज्या लाकडी पट्टीवर रडत उभ्या आहोत, तिच्यावरच मुलगाही शेजारी उभा आहे. त्या आशेवर तिने त्याला पुन्हा जवळ केले. मुलाची समजूत घालावी म्हणून तिने एका बिशपांचा पिच्छा पुरविला. त्यांनी वाद घालण्याचे नाकारले. पण जाताना, एवढ्या अश्रूंचे लेकरू वाया जाणे शक्य नाही, असा दिलासा दिला. तो तिने आकाशवाणीसारखा जपला.

३८३ मध्ये ऑगस्टिनने रोमला जाण्याचे ठरविले. आई त्याला सोडावयास तयार नव्हती. तेव्हा मित्राला निरोप देण्याचे निमित्त सांगून त्याने तिला बंदराजवळील संत सिप्रियन यांच्या प्रार्थनास्थळी रात्र काढावयास लावले. मुलगा जाऊ नये म्हणून ती रात्रभर देवाला साकडे घालीत होती आणि त्याच रात्री गलबत सुटले. सकाळी किनाऱ्यावर तिने आकांत केला. या प्रसंगी तिची प्रार्थना शब्दशः फळली नाही. परंतु याच प्रवासाने ऑगस्टिन पुढे मिलानला पोचला आणि तेथील बिशप अँब्रोझ यांच्या प्रवचनांनी त्याचे मन पालटू लागले. आईने जे मागितले ते देवाने नाकारले, ते तिला मुळात जे हवे होते ते देण्यासाठीच, असा अर्थ पुढे ऑगस्टिननेच लावला आहे.

मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला आली. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे ती हुतात्म्यांच्या समाधींवर लापशी, भाकरी व मद्य घेऊन गेली, तेव्हा अँब्रोझ यांनी या प्रथेस मनाई केल्याचे तिला कळले. तिने टोपली घरी नेली आणि तेथून पुढे केवळ प्रार्थना नेऊ लागली. तिच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. मुलाचा प्रतिष्ठित घराण्यात विवाह व्हावा यासाठी तिने खटपट केली आणि त्यापायी अनेक वर्षे त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला मुलाला मागे ठेवून आफ्रिकेत परत जावे लागले. तो विवाह अखेर झालाच नाही. संतांनाही मोह सुटत नाही, हेच खरे.

३८६ मध्ये ऑगस्टिनचे मनःपरिवर्तन झाले आणि ३८७ च्या ईस्टरला अँब्रोझ यांच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला. सारे मायदेशी निघाले. रोमजवळील ओस्तिया बंदरात गलबताची वाट पाहत असता मायलेकरे एका खिडकीशी बसून परलोकातील शाश्वत सुखाविषयी बोलली. पुढे थोड्याच दिवसांत मोनिकेला ताप आला. पतीशेजारी आपल्याला मूठमाती मिळावी म्हणून तिने गावी जागाही ठरवून ठेवली होती. दुसरा मुलगा नाविगियुस याने, आईचा अंत मायदेशी व्हावा, असे बोलून दाखविताच तिने त्याला नजरेनेच दटावले. देह कोठेही ठेवा, त्याची चिंता नको. जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिने प्राण सोडला.

नातू आदेओदातुस हंबरडा फोडून रडला. ऑगस्टिनने मात्र, श्रद्धावंताने शोक करू नये म्हणून अश्रू रोखले. दफनाच्या वेळीही तो रडला नाही. दुःख उतरेल या आशेने त्याने स्नानही केले, पण ते उतरले नाही. रात्री झोपून उठल्यावर एकांतात त्याचा बांध फुटला. सुमारे दहा वर्षांनी लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात त्याने हे सारे सांगितले आणि आपल्या मातापित्यांचे वेदीपाशी स्मरण करावे, अशी वाचकांना विनंती केली. मुलासाठी रडणारी आई गेली आणि तिच्यासाठी प्रार्थना करणारे अगणित वाचक तिला लाभले.

जिवंतांनी एकमेकांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना करावी, तसेच संतांनी सर्वांसाठी देवापाशी रदबदली करावी, ही कॅथलिक श्रद्धा आहे. गोव्यात व वसईत दिवंगतांसाठी मिस्सा होते ती याच भावनेने. आपल्याकडील श्राद्धाशी तिची तंतोतंत तुलना करण्याचा आमचा अधिकार नाही; पण गेलेल्यांचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे.

१४३० मध्ये मोनिकेच्या अस्थी रोमला नेण्यात आल्या. १९४५ मध्ये ओस्तियाला मुले खेळण्यासाठी खांब रोवावयास खड्डा खणीत असता तिच्या समाधिलेखाचा संगमरवरी तुकडा सापडला. आज २७ ऑगस्ट हा तिचा स्मरणदिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी मुलाचा.

आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा आम्ही बदलीच्या गावी होतो. पोचलो तेव्हा सारे आटोपले होते. ती रुखरुख आम्हांस अनेक वर्षे जाळीत राहिली. मोनिकेचे चरित्र वाचताना ती प्रथमच थोडी शमली. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत किती वडीलधारी माणसे या परमुलखात निवर्तली! त्यांच्या अस्थी गोदेला वा कृष्णेला पोचल्याच असतील असे नाही. या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी दिवा लावताना क्षणभर थांबून आपण त्यांची नावे घेऊ या.