अब्राहम-लुई ब्रेगे

अब्राहम-लुई ब्रेगे (१० जानेवारी, १७४७ - १७ सप्टेंबर, १८२३) हे न्यूशातेल येथे जन्मलेले आणि पॅरिसमध्ये कार्यरत असलेले घड्याळजी व संशोधक होते. टूर्बियॉन या यंत्रणेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. यांत्रिक घड्याळाची अचूकता, टिकाऊपणा आणि देखणेपणा या तिन्ही बाबतींत त्यांनी मूलभूत सुधारणा केल्या. महागड्या यांत्रिक घड्याळांच्या संग्राहकांमध्ये आजही त्यांचे कार्य प्रमाण मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

ब्रेगे यांचा जन्म झाला तेव्हा न्यूशातेल हा प्रशियाच्या राजाच्या अधिपत्याखालील प्रांत होता. आज तो स्वित्झर्लंडचा भाग आहे. ते अकरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आईने पुढे घड्याळांच्या व्यवसायातील गृहस्थाशी विवाह केला आणि सावत्र वडिलांमुळे ब्रेगे या व्यवसायाकडे वळले. १७६२ च्या सुमारास ते फ्रान्सला गेले. व्हर्साय येथे उमेदवारी करत असताना त्यांनी पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात आबे मारी यांच्याकडे गणिताचे शिक्षण घेतले.

पॅरिसमधील कार्यशाळा

१७७५ मध्ये सेसिल लुलिये यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी सेन नदीतील इल द ला सिते या बेटावर, के द लोर्लोज (घड्याळाचा घाट) येथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा सुरू केली. घालणाऱ्याच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणाऱ्या घड्याळाची कल्पना त्यापूर्वीच मांडली गेली होती. ब्रेगे यांनी झुलत्या वजनाच्या साहाय्याने ती भरवशाची केली. 'पेर्पेत्युएल' नावाची ही घड्याळे १७८० पासून राजघराण्यातील ग्राहकांपर्यंत पोहोचली. ठोके देणाऱ्या घड्याळात घंटेऐवजी त्यांनी तारेची गुंडाळी वापरली. त्यामुळे घड्याळ पातळ झाले आणि त्याचा नादही मधुर झाला. टोकाजवळ पोकळ वर्तुळ असलेले त्यांचे काटे आणि यंत्राने कोरलेल्या बारीक नक्षीच्या तबकड्या पुढे जगभर अनुकरणाचा विषय ठरल्या.

क्रांतीचा काळ

सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत हे दोघेही त्यांचे ग्राहक होते. फ्रेंच राज्यक्रांतीत हा संबंध जिवावर बेतण्यासारखा ठरला. १७९३ मध्ये ब्रेगे यांनी पॅरिस सोडले. क्रांतिकारक नेते मारा यांच्या मैत्रीमुळे त्यांना सुखरूप बाहेर पडता आले, असे सांगितले जाते. स्वित्झर्लंडमधील वास्तव्यात ते काही काळ ल लोक्ल येथे राहिले आणि १७९५ मध्ये पॅरिसला परतले.

जुना ग्राहकवर्ग विखुरला होता. अशा वेळी त्यांनी 'सुस्क्रिप्सियों' हे साध्या रचनेचे, एकाच काट्याचे घड्याळ विक्रीस आणले. मागणी नोंदवताना ग्राहक किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ भरत असे. त्यामुळे कार्यशाळेला भांडवल मिळाले आणि राजदरबाराबाहेरचा ग्राहकही जोडला गेला.

टूर्बियॉन

खिशातील घड्याळ बहुतांश वेळ उभ्या स्थितीत असते. अशा वेळी तोलचक्रातील किंचितही असमतोल गुरुत्वाकर्षणामुळे वेळेत फरक पाडतो. ब्रेगे यांनी तोलचक्र व गतिनियामक भाग एका लहान पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच सतत फिरता ठेवला. त्यामुळे निरनिराळ्या स्थितींतील चुका एकमेकींना छेद देतात. या रचनेला २६ जून, १८०१ रोजी पेटंट मिळाले. लंडनचे घड्याळजी जॉन आर्नल्ड हे ब्रेगे यांचे स्नेही होते. त्यांच्या निधनानंतर ब्रेगे यांनी १८०८ मध्ये आर्नल्ड यांच्याच एका घड्याळात टूर्बियॉन बसवून ते त्यांच्या मुलाला दिले. हे घड्याळ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

नेपोलियनची बहीण व नेपल्सची राणी कारोलीन म्युरा यांनी १८१० मध्ये मनगटावर बांधण्याचे घड्याळ मागवले व ते १८१२ मध्ये पूर्ण झाले. कार्यशाळेच्या नोंदींवरून हे पहिल्या मनगटी घड्याळांपैकी एक मानले जाते.

नकली घड्याळे व नोंदवह्या

ब्रेगे यांच्या हयातीतच त्यांच्या नावाची नकली घड्याळे मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तबकडीवर अतिसूक्ष्म गुप्त स्वाक्षरी कोरण्यास सुरुवात केली. तिरप्या प्रकाशात पाहिल्याशिवाय ती दिसत नसे. प्रत्येक घड्याळाला क्रमांक देऊन त्याची विक्री नोंदवहीत लिहिली जाई. या नोंदवह्या आजही जतन केलेल्या आहेत. जुने घड्याळ अस्सल आहे की नाही आणि ते प्रथम कोणी घेतले, हे ठरवताना संग्राहक त्यांचा आधार घेतात.

क्रमांक १६०

मारी आंत्वानेत यांच्यासाठी १७८३ मध्ये एका घड्याळाची मागणी नोंदवण्यात आली. त्यात तोपर्यंत ज्ञात असलेली सर्व वैशिष्ट्ये असावीत, अशी अट होती. किंमत व मुदत यांना मर्यादा नव्हती. राणीला १७९३ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. घड्याळ १८२७ मध्ये, म्हणजे ब्रेगे यांच्याही निधनानंतर, त्यांचे पुत्र आंत्वान-लुई यांच्या काळात पूर्ण झाले.

ब्रिटिश संग्राहक डेव्हिड सॉलोमन्स यांनी ते १९१७ मध्ये विकत घेतले. पुढे त्यांच्या कन्येने जेरुसलेममध्ये स्थापन केलेल्या संग्रहालयात ते ठेवले गेले. १९८३ मध्ये तेथून शंभराहून अधिक घड्याळे चोरीस गेली, त्यांत हेही होते. ते बेपत्ता असतानाच ब्रेगे कंपनीने जुन्या कागदपत्रांवरून त्याची प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. ती २००८ मध्ये सादर झाली. मूळ घड्याळ परत मिळाल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.

सन्मान व वारसा

१८१५ मध्ये ब्रेगे यांची फ्रेंच नौदलाचे अधिकृत घड्याळजी म्हणून नियुक्ती झाली, तर १८१६ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. पेर लाशेज दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

कुटुंबाने १८७० मध्ये घड्याळांचा व्यवसाय विकला. १९९९ पासून हे नाव स्विस स्वॉच समूहाकडे आहे. मनगटी घड्याळाची स्थिती सतत बदलत असल्यामुळे त्यात टूर्बियॉनचा प्रत्यक्ष उपयोग मर्यादित आहे. क्वार्ट्झ घड्याळे तर स्वस्त असूनही कोणत्याही यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक चालतात. तरीही नव्या महागड्या घड्याळांत टूर्बियॉन बसवले जाते आणि संग्राहक त्यासाठी मोठी किंमत मोजतात. अचूकतेच्या गरजेतून जन्मलेली ही यंत्रणा आता प्रामुख्याने हस्तकौशल्याची कसोटी मानली जाते.