साध्या शब्दांचा सनदी कैवारी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमधील सामान्य माणसाच्या घरी सरकारी पत्रांचा पाऊस पडत होता. शिधापत्रिका, बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घराची नुकसानभरपाई, सैन्यातून परतलेल्या मुलाचे निवृत्तिवेतन, राष्ट्रीय विमा, आणि जुलै १९४८ पासून सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर सरकार नागरिकाशी लेखी बोलू लागले होते. अडचण एवढीच होती की, ते काय बोलते आहे हे नागरिकाला कळत नव्हते. पत्र मिळालेली विधवा ते घेऊन शेजाऱ्याकडे जाई, शेजारी ते घेऊन वकिलाकडे जाई, आणि शेवटी त्या पत्राचा अर्थ विचारणारे आणखी एक पत्र त्याच कार्यालयात येऊन पडे. या गोंधळावर उपाय शोधण्याचे काम ब्रिटिश अर्थखात्याने ज्या माणसावर सोपवले, तो भाषेचा प्राध्यापक नव्हता आणि साहित्यिकही नव्हता. चार दशके सरकारी फायलींत घालवलेले ते एक सनदी अधिकारी होते. त्यांचे नाव सर अर्नेस्ट गॉवर्स.

गॉवर्स यांचा जन्म २ जून १८८० रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर विल्यम गॉवर्स हे मज्जासंस्थेच्या विकारांचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ. स्नायूंच्या दुर्बलतेमुळे जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येते, त्या लक्षणाला वैद्यकशास्त्रात आजही त्यांचेच नाव आहे. या कडक शिस्तीच्या डॉक्टरांना लघुलेखनाचे विलक्षण वेड होते. रुग्णांच्या नोंदी ते लघुलिपीत करत आणि इतर डॉक्टरांनीही ती शिकावी म्हणून त्यांनी एक संस्थाच काढली होती. कमी जागेत नेमके लिहिण्याचा ध्यास असलेल्या घरात अर्नेस्ट वाढले. रग्बी येथील शाळेत आणि केंब्रिजच्या क्लेअर महाविद्यालयात त्यांनी ग्रीक व लॅटिनचा अभ्यास केला आणि १९०३ मध्ये सनदी सेवेत प्रवेश केला.

नोकरीची पहिली महत्त्वाची वर्षे त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसात काढली. हिंदुस्थानचा कारभार ज्या कागदांवर चालत असे, ते कागद या कचेरीतून जात-येत. तेथील उपमंत्र्यांचे खासगी सचिव म्हणून गॉवर्स यांनी काम केले. त्या उपमंत्र्यांपैकी एक होते एडविन माँटेग्यू, ज्यांचे नाव पुढे १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात पोहोचले. आपल्या सरकारी कचेऱ्यांतील पत्राची ठेवण, विषय आणि संदर्भ सांगून झाल्यावर मूळ मुद्द्याला हात घालण्याची पद्धत, मला असे लिहिण्याचा आदेश झाला आहे अशी सुरुवात, हे सारे याच काळातील इंग्रजी कारभाराचे देणे. इंग्रज गेले, इंग्रजीही बरीचशी गेली. पण उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये आपणांस कळविण्यात येते की, हे वाक्य त्या साच्यातून मराठीत उतरले आणि आजतागायत ठणठणीत आहे.

१९११ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचे खासगी सचिव म्हणून गॉवर्स यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय विमा कायदा संमत झाला. आजारी पडलेल्या कामगाराला सरकारकडून पैसे मिळण्याची ही सुरुवात होती. हा कायदा अमलात आणण्यासाठी निरनिराळ्या खात्यांतील हुशार तरुण अधिकारी गोळा करण्यात आले आणि १९१२ मध्ये गॉवर्सही त्यांच्यात सामील झाले. कारखान्यातील मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, त्यांना पगार देणाऱ्या मालकिणी अशा लाखो माणसांना एक किचकट कायदा समजावून सांगायचा होता. कायदा बरोबर असला तरी तो कळला नाही तर निरुपयोगी ठरतो, याचा अनुभव त्यांना येथे मिळाला असला पाहिजे.

पहिल्या महायुद्धात ते वेलिंग्टन हाउस या गुप्त प्रचारकेंद्रात होते. त्यानंतरचा मोठा काळ कोळशाने व्यापला. १९२० पासून खाण विभागाचे प्रमुख सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. १९२६ चा सार्वत्रिक संप आणि त्यानंतर कित्येक महिने चाललेली खाणींची टाळेबंदी त्यांनी फार जवळून पाहिली. १९२७ मध्ये ते महसूल मंडळाचे अध्यक्ष झाले, म्हणजे साऱ्या देशाला करआकारणीची पत्रे पाठवणाऱ्या खात्याचे मुखिया. १९३० नंतर ते पुन्हा कोळशाकडे वळले. छोट्या-छोट्या खाणींचे एकत्रीकरण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि खाणमालकांच्या विरोधामुळे ती फारशी तडीस गेली नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लंडन विभागाच्या नागरी संरक्षणाच्या व्यवस्थेत त्यांना नेमण्यात आले आणि पुढे त्या व्यवस्थेची सूत्रेच त्यांच्याकडे आली. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. अशा वेळी आश्रयस्थान कोठे आहे, पाणी कोठे मिळेल, जखमींना कोठे न्यायचे याच्या सूचना संदिग्ध असून चालत नव्हत्या.

युद्ध संपले तेव्हा गॉवर्स ६५ वर्षांचे होते. अर्थखात्याचे प्रमुख सचिव सर एडवर्ड ब्रिजेस यांनी त्यांच्याकडे एक छोटे काम सोपवले: अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी लेखनाविषयी एक पुस्तिका लिहायची. हे ब्रिजेस राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांचे चिरंजीव. वडिलांनी १९१३ मध्ये शुद्ध इंग्रजीचा पुरस्कार करणारी संस्था काढण्यात पुढाकार घेतला होता. मुलगा देशाच्या तिजोरीचा कारभारी झाला, पण घरचा संस्कार विसरला नव्हता. १९४८ मध्ये सरकारी मुद्रणालयाने ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘प्लेन वर्ड्‌स’, म्हणजे साधे शब्द. सरकारी छापखान्यातून बाहेर पडलेल्या पुस्तिकेचे जे होते ते हिचे झाले नाही. दुकानांपुढे ग्राहक जमले आणि काही महिन्यांतच लाखाहून अधिक प्रती खपल्या. कारकुनांसाठी लिहिलेले पुस्तक शिक्षकांनी, व्यापाऱ्यांनी, पत्रकारांनी आणि मुख्य म्हणजे सरकारी पत्रांनी गांजलेल्या नागरिकांनी विकत घेतले. १९५१ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि १९५४ मध्ये दोन्ही भाग एकत्र करून ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

या यशाचे कारण गॉवर्स यांच्या दृष्टीत होते. सरकारी भाषेची टिंगल करणारे तोवर पुष्कळ झाले होते. गॉवर्स यांनी टिंगल केली नाही. अधिकारी असे का लिहितो, हा प्रश्न त्यांनी विचारला. कित्येकदा त्याचे उत्तर अहंकार हे नसून भीती हे असते. अधिकाऱ्याच्या मागे कायदा उभा असतो आणि कायद्याच्या शब्दांपासून इंचभर सरकले तरी अंगाशी येईल, अशी धास्ती त्याला असते. कायद्याची भाषा क्लिष्ट असणे गॉवर्स यांना मान्य होते, कारण उद्या त्यातून पळवाट काढायला बसलेल्या चतुर वकिलासाठी ती लिहिलेली असते. पण तो कायदा विधवेला समजावून सांगणारे पत्र वकिलासाठी नसते. एकाच्या मनातला विचार दुसऱ्याच्या मनात जसाच्या तसा आणि सहज पोहोचवणे एवढेच लेखनाचे काम, असे ते मानत. त्यासाठी त्यांनी दिलेला सल्ला साधा होता: थोडक्यात लिहा, सोपे लिहा आणि माणसासारखे लिहा. पत्र पाठवण्याआधी ते हातात घेणाऱ्याच्या जागी स्वतःला बसवून पाहा.

फॅशनच्या शब्दांवर त्यांनी केलेला हल्ला हा या पुस्तकाचा सर्वांत रंजक भाग आहे. युद्धाने आणि नियोजनाने कचेऱ्यांना काही नवे शब्द दिले होते. ‘बॉटलनेक’, ‘टार्गेट’, ‘सीलिंग’, ‘ओव्हरऑल’. हे शब्द मुळात चांगले होते, कारण त्यांच्यात एक चित्र होते. बाटलीची निमुळती मान डोळ्यांसमोर आली की अडलेला माल दिसे. पण शब्द हजार तोंडी गेला की चित्र पुसले जाते आणि फक्त आवाज उरतो. मग एखादा अधिकारी सर्वांत मोठ्या बॉटलनेकविषयी लिहितो आणि बाटलीची मान मोठी असली तर अडथळा कमी होतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. टार्गेटचेही तेच. निशाण लागते किंवा चुकते. पण कचेरीतले निशाण वाढवले जाते, गाठले जाते, ओलांडले जाते. छत हा शब्द कमाल मर्यादेसाठी आला आणि लवकरच लोक छत सैल करू लागले. असा शब्द वापरणाऱ्याला विचार केल्याचे समाधान विचार न करताच मिळते, हे गॉवर्स यांनी नेमके हेरले. ‘ओव्हरऑल’बाबत तर त्यांचा अनुभव असा की, बहुतेक वाक्यांतून तो शब्द काढून टाकला तरी काहीही बिघडत नाही.

हा रोग सरकारपुरता नाही, हेही ते सांगत. व्यापारी पेढ्यांच्या पत्रांत चालू मासी आणि गत मासी यांसाठी लॅटिनचे तुकडे आणि ग्राहकाच्या पत्राला कृपापत्र म्हणण्याची रीत होती. ते पोकळ मानपान सरकारी भाषेच्याच माळेतले मणी होते. त्या पेढ्या गेल्या, त्यांची भाषाही गेली. तिच्या जागी व्यवस्थापनशास्त्राची आली. हिंजवडीतल्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कोणत्याही बैठकीत सिनर्जी, बँडविड्थ आणि लिव्हरेज यांच्या गर्दीत ‘बॉटलनेक’ अजून भेटतो. ‘टार्गेट’ तर मराठी झाला आहे. बँकेतल्या नोकरदाराला मार्चमध्ये त्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

गॉवर्स यांना शुद्धलेखनाचे सोवळे पाळणारा पंडित समजणे मात्र चुकीचे ठरेल. शब्दयोगी अव्ययाने वाक्य संपवू नये यासारखे शाळामास्तरी नियम त्यांनी बेधडक बाजूला सारले. वाचकाला अर्थ कळला की नाही, एवढीच त्यांची कसोटी होती. जड शब्दांचा त्यांना राग होता, पण तांत्रिक शब्दांचा नव्हता. अभियंता अभियंत्याशी बोलताना जो शब्द वापरतो तो काटकसरीचा असतो. तोच शब्द बाहेरच्या माणसावर फेकला की तो दडपणाचे हत्यार होतो. हा भेद आजही अनेकांच्या लक्षात येत नाही.

१९४९ मध्ये फाशीच्या शिक्षेविषयी नेमलेल्या राजकीय आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आयोगाला घातलेली अट विचित्र होती. फाशी असावी की नसावी, या प्रश्नाला हात लावायचा नव्हता. ती कोणत्या गुन्ह्यांपुरती आणि कशी मर्यादित करता येईल, एवढेच सांगायचे होते. चार वर्षे गॉवर्स आणि त्यांचे सहकारी तुरुंगाधिकारी, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ यांच्या साक्षी घेत राहिले. फाशी देणारे अल्बर्ट पियरपॉइंट यांचीही साक्ष त्यांनी नोंदवली. युरोपातील आणि अमेरिकेतील पद्धतीही आयोगाने पाहिल्या. फाशीविषयी सरकारी कागदपत्रांत जे शब्द वापरले जातात ते फार सोज्ज्वळ असतात. गॉवर्स यांना मात्र त्या शब्दांमागची प्रत्यक्ष क्रिया तपशिलाने ऐकावी लागली. काम सुरू झाले तेव्हा या प्रश्नावर त्यांचे ठाम मत नव्हते. १९५३ मध्ये अहवाल सादर झाला तेव्हा ते फाशीचे विरोधक झालेले होते. अहवालात ते सांगण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी १९५६ मध्ये ‘अ लाइफ फॉर अ लाइफ?’ हे छोटे पुस्तक स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. आयुष्यभर सरकारच्या वतीने लिहिणारा अधिकारी सरकारने टाळलेला प्रश्न साध्या शब्दांत विचारत होता. खुनासाठी फाशी थांबवणारा कायदा नोव्हेंबर १९६५ मध्ये झाला. तो पाहायला ते हयात होते.

निवृत्तीनंतर ते ससेक्समध्ये शेती करत. पण १९५६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. हेन्री फाउलर यांचा १९२६ चा इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश हा त्या भाषेतला धर्मग्रंथच होता आणि त्याला हात लावण्याचे धाडस कोणी करत नव्हते. गॉवर्स यांनी नऊ वर्षे खपून त्याची सुधारित आवृत्ती तयार केली. जुने झालेले काढले, नवे घातले, पण फाउलर यांचा तिखट स्वभाव तसाच राहू दिला. ती आवृत्ती १९६५ मध्ये निघाली. १६ एप्रिल १९६६ रोजी गॉवर्स यांचे निधन झाले. गणितातील फील्ड्स पदक १९९८ मध्ये मिळवणारे टिमथी गॉवर्स हे त्यांचे पणतू.

त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या वाट्याला पुढे अनेक हात आले. १९७३ मध्ये सर ब्रूस फ्रेझर यांनी आणि १९८६ मध्ये सिडनी ग्रीनबॉम व जॅनेट व्हिटकट यांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. प्रत्येक वेळी जुन्या फॅशनचे शब्द गाळून त्या-त्या दशकातले नवे शब्द दाखल करावे लागले. २०१४ मध्ये त्यांची पणती, लेखिका रिबेका गॉवर्स यांनी हे सारे थर बाजूला करून १९५४ चा मूळ मजकूर पुन्हा हाती घेतला आणि त्यावरूनच नवी आवृत्ती सिद्ध केली.