आधी स्वतःला टोचून घेतली प्लेगची लस, नंतर माथी आला १९ मृत्यूंचा ठपका! डॉ. हाफकिन यांची कहाणी

साप चावल्यावर दिली जाणारी लस असो की लेकरांना पाजायचा पोलिओचा डोस, हाफकिन हे नाव गावागावात ऐकलेलं असतं. पण हाफकिन ही कंपनी नव्हे, तो एक माणूस होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं. तिथं त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू भेटले. रक्तातल्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे जगाला दाखवणारे ते हेच. हाफकिन ज्यू होते. धर्म बदला, तरच प्राध्यापकी, अशी तिथली अट. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. जिनिव्हाहून ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथं सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयातलं.

पुस्तकं सांभाळता सांभाळता त्यांनी कॉलऱ्यावर लस शोधली आणि १८९२ च्या जुलैत पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली. शेवटी मलेरियानं गाठलं आणि परत जावं लागलं. थोडं बरं वाटताच ते पुन्हा हजर झाले.

तोवर १८९६ चा सप्टेंबर उजाडला. मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला. लोक जमेल तसे शहर सोडून पळू लागले. पुढं तो खेड्यापाड्यात पोचला. घरात उंदीर मेलेला दिसला की गावच्या गाव शिवारात झोपड्या घालून राहायला जायचं. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच प्लेगनं गेल्या, १० मार्च १८९७ रोजी.

हाफकिन मुंबईत आले ते ऑक्टोबर १८९६ मध्ये. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर प्रयोगशाळा सुरू! मांसाच्या सारावर तुपाचे नाहीतर खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू दोऱ्यांसारखे लोंबत वाढायचे. मग ते तापवून मारायचे. मेलेले जंतू अंगात गेले की शरीर त्यांना ओळखायला शिकतं, आणि खरा रोग आला तर त्याच्याशी लढायला तयार असतं. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. सपाटून ताप आला, पण ते गप्प राहिले आणि काम चालू ठेवलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढं आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. तिचा गुण दिसून आला.

तरी लोकांचा विश्वास बसेना, आणि त्यात नवल नव्हतं. सरकारी माणसं घरात घुसून झडत्या घेत होती. त्या जुलमाच्या संतापातूनच पुण्यात रँडचा वध झाला. हाफकिन यांची लस मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर होती. आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला आपला बंगला दिला, तेव्हा त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढं आले. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात घरटी निम्म्या माणसांना लस दिली. प्लेगनं नंतर दगावले त्यांत लस न घेतलेलेच कितीतरी जास्त होते. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. ती आजही तिथंच आहे.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले. हे सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले, बाकी बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झालं नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण चौकशीत दोष आला परळच्या प्रयोगशाळेवर. मागणी वाढली म्हणून हाफकिन यांनी लस बनवण्याची रीत बदलली होती, त्यात कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं, तेच बोट दाखवायला पुरलं. त्यांना कामावरून दूर केलं आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

खरी गोष्ट कागदांतच पडून होती. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. शिवाय लस आधीच नासली असती तर तिला घाण वास आला असता, तो आला नव्हता. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून सरकारला जाब विचारला. त्याच वर्षी ठपका पुसला गेला. बदनामी व्हायला एक बाटली पुरली, ती धुऊन निघायला पाच वर्षं लागली.

हाफकिन परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. आधीसारखं काम त्यांच्या हाती पुन्हा आलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. लग्न केलेलं नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.