कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

गेल्या वर्षी आमच्या समाजशास्त्राच्या तासाला 'वंश' हे प्रकरण चालू होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले की अक्कल ही माणसाच्या रक्तातच असते. अमुक जातीला ती उपजत, तमुक जातीला ती येणारच नाही. वर्गात हशा पिकला. मीही हसले. रिसोडला परतताना एस.टी.त मात्र त्या हसण्याची मला लाज वाटू लागली, कारण माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण हसली नव्हती. त्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसू लागली.

त्या मुलाचे म्हणणे चूक आहे असे मनाला वाटत होते; पण ते चूक का, हे मला सांगता आले नसते. मानवाची उत्क्रांती आणि आनुवंशिकता हे विषय विज्ञान शाखेचे, आपण कला शाखेचे, अशी माझी समजूत. ग्रंथालयात गेले तेव्हा ग्रंथपालांनी माझ्या हातात 'परिपूर्ती' ठेवले. ललित लेखांचे पुस्तक पाहून मी हिरमुसले. पण लेखिकेची माहिती वाचली आणि वाटले, आपण शोधत होतो ती व्यक्ती हीच.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तेथील इरावती नदीचे नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे हिच्याशी मैत्री जडली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरात तिला दुसरे घर मिळाले. पुस्तकांनी भरलेल्या त्या घरात ती वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली ती बी.ए. झाली. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात.

दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी तिचा विवाह झाला. सुनेने जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी, हे महर्षींना पसंत नव्हते. मला हे वाचून नवल वाटले. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभारले, त्यांचाही आपल्या सुनेच्या बाबतीत पाय अडखळावा! दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले होते. ते पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले आणि इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

तेथील मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांच्या संस्थेत त्या दाखल झाल्या. मार्गदर्शक होते प्रा. ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे खंदे पुरस्कर्ते. गोऱ्या युरोपीयांची कवटी उजवीकडे आणि डावीकडे सारखी नसते, इतरांची मात्र सारखी असते, आणि या फरकाचे नाते बुद्धीशी आहे, असा त्यांचा कयास. तो सिद्ध करण्याचे काम या भारतीय विद्यार्थिनीकडे आले. युरोपातील आणि जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या समोर ठेवून इरावतीबाई एकेक माप घेत राहिल्या. निष्कर्ष निघाला तो असा : उजव्या-डाव्याचा फरक सगळ्याच माणसांत असतो, त्याचा वंशाशी काही संबंध नाही.

परक्या देशात, उसन्या पैशावर शिकणारी पंचविशीच्या आतली मुलगी. गुरूंना हवे ते लिहून पदवी घेऊन परत येणे सोपे होते. आकडे थोडे वाकवले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. बाईंनी आकडे वाकवले नाहीत. गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा प्रबंध लिहून त्या १९३० साली डॉक्टर होऊन परतल्या. फिशर पुढे १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा दिला. त्या धोरणातून लाखो माणसांचा संहार झाला. कवटीच्या मापाचा वाद पुस्तकी नव्हता, हे तेव्हा जगाला कळले.

परतल्यावर काही वर्षे त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. पुणे विद्यापीठातील मानवशास्त्राच्या अध्यापनाचा पायाही त्यांनीच घातला. डॉ. सांकलियांबरोबर गुजरातमधील लांघणज येथे त्यांनी उत्खननात भाग घेतला. तेथे गारगोटीच्या बारीक हत्यारांसोबत अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. मोजपट्टी आणि कंपास घेऊन त्या गावोगाव हिंडल्या, निरनिराळ्या जातींतील माणसांची मापे घेतली, रक्तगट तपासले. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. १९६८ साली महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची तुलना त्यांनी आपले विद्यार्थी मल्होत्रा यांच्यासह प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली मोडणारे हे आठ गट शरीराने एकमेकांहून वेगळे निघाले. जात ही एका मूळ गटाची शकले नव्हे, तर वेगवेगळ्या गटांची शेजारी-शेजारी मांडणी आहे, असे त्यांचे मत झाले. हे मत त्यांचे गुरू घुर्ये यांच्या मताविरुद्ध होते. दुसऱ्यांदा गुरूशी मतभेद, आणि पुन्हा मोजमापाच्या आधारे!

बाई सगळ्याच बाबतींत बरोबर होत्या असे मात्र नाही. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी भारतीयांच्या डी.एन.ए.चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातील लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले आणि त्यानंतर जातीबाहेरचे विवाह हळूहळू बंद पडले. म्हणजे आपले वाशीम जेव्हा वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी होते, तेव्हा या भिंती उभ्या राहिल्या होत्या. पण त्याआधीचे पूर्वज सर्वांत मिसळलेले आहेत. बाईंच्या हाती फक्त कंपास होता. हा पुरावा त्यांच्यासमोर आला असता तर त्यांनी स्वतःचेही मत तपासून पाहिले असते, असे मला वाटते.

पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या, कुंकू-मंगळसूत्र न घालणाऱ्या या बाई पंढरीच्या वारीत पायी चालल्या. एकाच विठ्ठलाच्या दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे पाहून त्यांचे मन दुखावले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. महाभारतावरील 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. 'गंगाजल' हे पुस्तक त्यानंतर आले.

शेगावची पालखी दरवर्षी आमच्या रिसोडवरून जाते. यंदा वारकऱ्यांना पाणी देताना मी कोण कोणाच्या पंगतीला बसते ते पाहत होते. आजी म्हणाली की पुण्य करताना लक्ष भलतीकडे असू नये. मला मात्र ते भलतीकडे वाटले नाही.

बी.ए. झाल्यावर पुण्याला जाऊन मानवशास्त्र शिकावे असे मी घरी सांगितले आहे. बाबा ग्रामसभेत मुलींच्या शिक्षणावर चांगले बोलतात. मला त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. सोयाबीनचे पैसे आले की पाहू, म्हणतात. मी त्यांच्या उशाशी इरावतीबाईंचे पुस्तक ठेवले आहे. महर्षींचा प्रसंग तेवढा सांगितलेला नाही.

राहिली माझी मैत्रीण. मागच्या आठवड्यात मी तिच्या बाकावर जाऊन बसले आणि त्या हसण्याबद्दल क्षमा मागितली. मग बर्लिनच्या कवट्यांची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, हे वर्गात सर्वांसमोर सांग. म्हणूनच हा लेख.